खाली वाकून न पाहिलेली जीप

मला पहिली गाडी घ्यायची होती आणि ती जुनी, फोर व्हील ड्राइव्ह जीपच घ्यायची होती. हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा सगळे माझ्याकडे मी हिमालयात निघाल्यासारखं बघायला लागले. लातुरात बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवणारी छत्तीस वर्षांची बाई लहानशी पांढरी गाडी घेते, मागच्या काचेशी टिश्यूचा डबा ठेवते आणि लग्नाकार्याला जाऊन येते. असा एकूण शिरस्ता आहे.

"मॅडम, ऑफ-रोडिंग म्हणजे नेमकं काय करतात?" भूगोलाच्या सरांनी विचारलं.

"रस्ता सोडून गाडी चालवायची. चिखल, दगडं, नाले."

"एवढंच ना? मग माझ्या सासुरवाडीला चला एकदा. रस्ता सोडायची गरजच न्हाई."

नांदेडच्या काही हौशी लोकांचा एक ग्रुप आहे. दोन डॉक्टर, एक वकील, बाकी सगळे गुत्तेदार, म्हणजे सरकारी कामांचे कंत्राटदार. दर रविवारी कुठल्यातरी माळावर जीपा नेऊन फसवायच्या, दोर लावून एकमेकांना ओढायचं, मग सगळ्यांनी मिळून मटण खायचं, असा त्यांचा कार्यक्रम. मी दोनदा कुणाच्या तरी गाडीत मागे बसून गेले होते आणि मला भयंकर आवडलं होतं. मटणही, पण मुख्य म्हणजे ते फसणं आणि निघणं.

खरं कारण मात्र मी स्टाफरूममध्ये सांगितलं नव्हतं. माझे वडील एका सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. एकोणतीस वर्षं. साहेबांच्या पोराला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, विश्रामगृहाच्या मागच्या मैदानात, रोज संध्याकाळी. मी अकरा वर्षांची होते आणि कडेला उभी राहून बघायचे. मलाही शिकवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "जीप सरकारची हाय." साहेबाचं पोरगं जणू सरकारनंच जन्माला घातलं होतं.

पुढे मी ड्रायव्हिंग स्कूलला पैसे भरून शिकले. लायसन्स काढलं. मैत्रिणीची गाडी घेऊन उदगीर, निलंगा, सोलापूर केलं. पण मी चालवत असलेल्या गाडीत बाबा एकदाही बसले नाहीत. मी गाडी आणली की त्यांना नेमकी बस बरी वाटायची. मला या सगळ्याचा राग होता, चांगला पंचवीस वर्षं मुरलेला. म्हणून गाडी मला हवी होतीच, पण मी स्टिअरिंगवर आणि बाबा शेजारी, हे मला गाडीपेक्षा जास्त हवं होतं.

गाडी बघायला बाबा येणार हे मात्र त्यांनीच जाहीर केलं. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला पेन. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी गाडीजवळ जायचं म्हटलं की हाच ड्रेस.

पहिली गाडी औशात बघितली. मालक एक तरुण पुढारी होता आणि कुठल्या पक्षाचा हे त्यालाही त्या आठवड्यापुरतंच माहीत असावं. गाडीवर फोर बाय फोरचा स्टिकर सहा ठिकाणी होता. आत तसला गिअर कुठंच दिसेना म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "ते स्टिकर मी हौसेनं लावलंय, ताई. गाडी साधीच हाय. पण नंबरची बेरीज नऊ येते." बाबांनी नकाराची मान हलवली. आमच्या घरात मुहूर्त, बेरजा, लिंबू-मिरच्या असलं काही चालत नाही. आजोबांच्या काळातच सगळं एका झटक्यात सोडलंय. पण गाडी बघायला लोक येतात ते तेवढंच विचारायला येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी शिरूर अनंतपाळला. गाडी बरी होती. मालकानं माझ्याकडे बघून नमस्कार केला आणि चावी बाबांच्या हातात दिली. बाबांनी सवयीनं डावीकडचं दार उघडून धरलं आणि मला म्हणाले, "बस." साहेबासाठी धरायचे तसंच. मी साहेबासारखी बसले आणि माझी गाडी बाबांनी चालवून बघितली. परत आल्यावर मालकानं त्यांनाच विचारलं, कशी वाटली काका? काका म्हणाले, क्लच जड हाय. मी तिथं केवळ शोभेला होते.

येताना बसमध्ये मी भांडले. "पुढची गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी बसायचं. नाहीतर येऊ नका."

"बघू," बाबा म्हणाले. सरकारी माणसाचं हे 'बघू' फाईल तीन वर्षं दाबून ठेवू शकतं.

तिसरी गाडी कंधारला होती. मालक आसपासच्या खेड्यांतून दूध गोळा करणारा, बोलायला अघळपघळ. जीप कापडी टपाची, रंग उडालेली, मागे दुधाच्या कॅनचे गोल डाग. बाबा तिला बघून सरळ तिच्याकडेच चालत गेले. त्यांच्या खात्याच्या जीपचंच मॉडेल. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, इंजिन सुरू करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं. टायरला अंगठा लावला. दोन्ही गिअर टाकून बघितले, मोठा आणि शेजारचा फोर व्हीलचा छोटा. छोटा खट्कन बसला.

"लागलं," बाबा म्हणाले. "घे ही. डोळे झाकून घे."

व्हिडिओ बघून बघून मी एवढं शिकले होते की जुनी फोर व्हील घेताना आधी खाली बघायचं. मी दुपट्टा खोचला आणि गुडघ्यावर बसणार, तोच बाबांनी माझा दंड धरला.

"काय करायलीस? समोर हॉटेल हाय, लोकं बघायलेत. कॉलेजात मॅडम हायस तू."

"खाली बघायचंय."

"खालचं मेस्त्रीचं काम. ड्रायवरनं गाडीखाली जायचं न्हाई. एकोणतीस वर्षं मी गेलो न्हाई."

त्यांच्या खात्यात तसंच होतं. ड्रायव्हर म्हणजे पांढरे कपडे. त्यानं गाडी पुसायची, पाणी-हवा बघायची, आवाज ऐकायचा आणि काही बिघडलं तर वहीत लिहून द्यायचं. खाली शिरायचं ते वर्कशॉपच्या माणसानं. हा नियम बाबांनी इतका मनावर घेतला होता की घरात खाटेखाली चप्पल गेली तरी ते आईला हाक मारायचे. आणि मी, वर्गात एकशे वीस पोरांना गप्प बसवणारी, समोरच्या हॉटेलातल्या चार रिकामटेकड्यांना घाबरून उभी राहिले.

पण चावी मात्र मालकाकडून मीच मागून घेतली. "मी चिखलात चालवून बघणार," मी मालकाला म्हटलं.

"चिखलात कशाला, मॅडम? सडकंवर बघा की. मस्त पळती."

"सडकेवर तर रिक्षापण पळते."

मालक मागे बसला. बाबा जीपच्या डाव्या बाजूला उभे राहिले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बस मिळण्यासारखी नव्हती. शेवटी बसले, आणि समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. गाडी अजून बंदच होती.

तळ्याच्या अलीकडे एक पडीक रान होतं. पाऊस होऊन आठवडा झालेला, वरून वाळल्यासारखी दिसणारी काळी माती. बाबा म्हणाले, "फोर व्हील लाव." मी छोटा गिअर टाकला. दहा-पंधरा हात आत गेलो असू, तेवढ्यात मागची चाकं गरगर फिरायला लागली आणि जीप जागच्या जागी खाली बसायला लागली, बाळंतिणीला बसवावं तशी अलगद. मी अजून रेस दिली. मालकाच्या तोंडावर चिखल उडाला. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

"लावलं न्हाईस तू," बाबा म्हणाले.

"लावलंय."

त्यांनी वाकून गिअर हातानं चाचपला. लागलेला होता. मग ते खाली उतरले, घोट्यापर्यंत चिखलात, आणि मला म्हणाले, हळू रेस दे. मी दिली. बाबा पुढच्या चाकाकडे बघत उभे राहिले. पुढचं चाक ढिम्म. मागची दोन्ही फिरतायत आणि पुढची दोन्ही मख्ख.

आणि मग बाबा, त्या पांढऱ्या शर्टासकट, काळ्या चिखलात आडवे झाले आणि जीपखाली डोकं घातलं. मला इंजिन बंद करायचंही सुचेना.

बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. मग खालूनच आवाज आला, "शाफ्टच न्हाई की हो इथं."

इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत एक लोखंडी दांडा नेतो. तो दांडाच नव्हता. वरती गिअर, खाली मोकळी हवा.

"काढून ठिवलाय," मालक तोंड पुसत शांतपणे म्हणाला. "डिझेल लई खाती त्यानं. इकडं सगळेच काढतात. घरी हाय, जपून ठिवलाय. त्याच्यावर धुण्याची तार बांधलीय."

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडले.

"तुम्ही कुठं इचारलं? काकांनी तर गिअर टाकून बघितला आन म्हणले, लागलं."

मालकानं फोन करून ट्रॅक्टर बोलावला आणि त्याच फोनवर मेस्त्रीला, जाता जाता घरची तार सोडून शाफ्ट घेऊन ये म्हणून सांगितलं. तोवर बाबा आणि मी बांधावर बसलो. त्यांचा शर्ट पुढून काळा, मागून पांढरा. मला हसू येत होतं आणि हसायची हिंमत होत नव्हती.

"एक सांगू का?" बाबा म्हणाले. "पावसाळ्यात साहेब घाबरायचे. मी छोटा गिअर टाकायचो, म्हणायचो, फोर व्हील लावलंय साहेब, काळजी न्हाई. एकोणतीस वर्षं. आन खाली कधी बघितलं न्हाई." मग म्हणाले, "तिथंबी होता का न्हाई, कुणास ठावं."

आता मात्र मी हसले. पोट धरून हसले. बाबाही हसले, पण मध्येच थांबले.

"तुला शिकवलं न्हाई म्हणून राग हाय ना?"

"हो," मी म्हटलं. "खूप आहे."

"साहेबाच्या पोरानं गाडी ठोकली असती तर साहेबानं मिटवलं असतं. तू ठोकली असतीस तर माझी नोकरी गेली असती. त्याच नोकरीवर घर होतं."

हे मला कळत नव्हतं असं नाही. मोठी झाल्यावर सगळं कळतं. पण त्यांनी तोंडानं सांगायला पंचवीस वर्षं आणि एक चिखल लागला. तेवढ्यात ट्रॅक्टर आला. माझे डोळे भरून आले होते आणि ट्रॅक्टरवाल्यासमोर मला रडायचं नव्हतं.

ट्रॅक्टरनं जीप ओढून कडेला काढली. मेस्त्री मोटारसायकलवर शाफ्ट आडवा धरून आला. पोतं अंथरून खाली शिरताना म्हणाला, "चाचा, तुम्ही बाजूला बसा, कपडे खराब होतील." मग बाबांचा शर्ट त्याला दिसला. बाबा सगळा वेळ उकिडवे बसून खाली बघत होते. हे काय, ते काय, विचारत होते. मेस्त्री पाने मागत होता आणि माझे वडील, एकोणतीस वर्षांचे ड्रायव्हर, एकेक पाना पुढे करत होते.

मी पुन्हा त्याच रानात जीप घातली. बाबा शेजारी. छोटा गिअर टाकला. मागची चाकं एकदा घसरली, आणि मग पुढच्यांनी पकडलं. गाडी थरथरत, गुरगुरत, आपल्याच जुन्या खड्ड्यातून वर चढली आणि पलीकडच्या बांधाला लागली. बाबांनी दांडी सोडली होती. "असं असतंय होय," ते म्हणाले.

सडकेवर आल्यावर मालकानं सवयीनं त्यांनाच विचारलं, "मग काका, ठरवायचं का?"

"मला नका इचारू. गाडी तिची. मला खालचं काय कळतंय?"

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि अजिबात बरं वाटलं नाही. शर्टावर वाळत चाललेला चिखल नखानं खरवडत ते बाजूला उभे होते, कुणाचेच ड्रायव्हर नसल्यासारखे. मी जवळ गेले आणि विचारलं, "बाबा, खरं सांगा. घेऊ का?"

त्यांनी जीपकडे निरखून बघितलं. "नको. स्टिअरिंग ढिलं हाय. ब्रेक डावीकडं ओढतंय. या मालकावर तर माझा काडीचा इश्वास न्हाई."

मी घेतली.

कागदपत्रं नंतर झाली, पण जीप मीच चालवत लातूरला आणली, बाबा शेजारी. कंधार सुटल्यावर चारेक किलोमीटर ते माझ्या पायांकडेच बघत बसले होते. मग म्हणाले, "क्लचवरचा पाय काढ. गिअर टाकला की पाय बाजूला. कुणी शिकवलं तुला असं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं आणि पाय काढला.

मग सुटलेच. आरसा असा नाही, तसा. वळणात ब्रेक मारू नको, वळणाआधी मार. ट्रकच्या मागं इतकं चिकटू नको, त्याला तू दिसत न्हाईस. अहमदपूरच्या पुढं मी दोनदा उलटं बोलले, चाकूरला तिसऱ्यांदा, ते ऐकेनात. लातूरची पाटी दिसेपर्यंत माझ्या ड्रायव्हिंगमध्ये धड अशी एक गोष्ट त्यांनी शिल्लक ठेवली नव्हती. मी रागानं लालबुंद झाले होते, आणि मला सारखं वाटत होतं की लातूर अजून थोडं लांब असायला पाहिजे होतं.