काळी न पडलेली चकती

अक्कांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लेख हवा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या हातातला खडू खाली पडला. मी मुळातच भित्री बाई. फोन वाजला तरी दचकते, आणि त्यात अक्कांचं नाव निघालं की या वयातही पाठ आपोआप ताठ होते. "तुमचा लेख पाहिजेच, अक्का कायम तुमचं उदाहरण द्यायच्या," असं ते म्हणाले. मला लिहायचं आहे ते त्या उदाहरणाबद्दलच. पण रीतसर पहिल्या भेटीपासून सुरुवात करते, म्हणजे थोडा धीर येईल.

श्रीमती मंदाकिनी देवरे, म्हणजे आम्हां सगळ्यांच्या अक्का, यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्याच्या अध्यापक विद्यालयात. मी रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागेतून आलेली, बारावी कला शाखेची. विज्ञानाशी दहावीलाच काडीमोड घेतला होता. शिक्षिका व्हायचं तर विज्ञान करूनही दाखवावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच तासाला पांढऱ्या सुती साडीतल्या एक ठेंगण्या बाई आत आल्या आणि नमस्कार-चमत्कार काही न करता कडाडल्या, "बठ्ठा हात टेबलवर!"

बठ्ठा म्हणजे सगळे, हे आमच्याकडच्या मुलींनाही कळतं. चाळीस जणींचे हात टेबलावर आले. माझे मांडीवरच राहिले, कारण टेबलावर स्पिरिटचा दिवा आणि काडेपेटी ठेवलेली होती. मी लहान असताना स्टोव्हचा भडका उडून माझ्या आईचा पदर पेटला होता. आई वाचली, पण तेव्हापासून मी काडी ओढलेली नव्हती. घरी चूलसुद्धा धाकटी बहीण पेटवायची.

अक्का सरळ माझ्यापाशी आल्या आणि काय झालं ते त्यांच्या अहिराणीत विचारलं. "काय व्हयनं?"

"मॅडम, मला काडी ओढता येत नाही."

वर्गात खसखस पिकली. अक्कांनी वळून नुसतं पाहिलं आणि ती थांबली. "हसायला काय झालं? हिनं खरं सांगितलं. या खोलीत मला तेवढंच पाहिजे," असं त्या म्हणाल्या. मग माझ्या मागे उभ्या राहिल्या, माझ्या हाताखाली स्वतःचा हात धरला आणि एकेक करून मला अर्धी काडेपेटी ओढायला लावली. पेटती काडी खाली पडली असती तर त्यांच्या तळहातावर पडली असती. मी रडत होते आणि काड्या ओढत होते.

अक्कांची पद्धत ज्यांनी अनुभवली नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे, मुलांचे हात लागल्याशिवाय प्रयोग झाला असं त्या मानत नसत. शिक्षिकेनं टेबलामागून करून दाखवलं की त्या म्हणायच्या, "ही जादूगाराची नोकरी, तिकडे सर्कशीत अर्ज करा." दुसरी म्हणजे आमची प्रयोगवही. तिच्यात प्रत्येक प्रयोगाखाली 'काय फसलं?' असा रकाना असायचा आणि तो रिकामा सोडायची बंदी होती. एकीनं लिहिलं होतं, 'मेणबत्ती विझली, कारण वर्गातला पंखा बंद करायला विसरले.' तिला अक्कांनी शाबासकी दिली. दुसरीनं लिहिलं, 'काही नाही.' तिला तोच प्रयोग त्यांच्यादेखत तीनदा करावा लागला आणि तिसऱ्यांदा परीक्षानळी तडकली. "आता लिहा," अक्का शांतपणे म्हणाल्या.

आणि माया म्हणाल तर अशी, की रविवारी वसतिगृहातल्या मुलींना घरी जेवायला न्यायच्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी, ठेचा, शेवभाजी. तिथंही सुटका नव्हती. भाकरी तव्यावर टम्म फुगली की विचारायच्या, "ही का फुगली? सांगेल तिच्या ताटात." आम्ही भुकेनं व्याकूळ होऊन वाफेचं शास्त्र सांगायचो. मला ताप आला तेव्हा चार दिवस मी त्यांच्याच घरी होते. माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, एवढं मात्र नमूद करते.

आता अक्का ज्याचं उदाहरण द्यायच्या त्या पाठाकडे येते. 

वर्षाअखेरीचा अंतिम पाठ बाहेरच्या परीक्षकांसमोर घ्यायचा असे. अक्का मला म्हणाल्या, "तू केळीतली पोर, केळ्यावरच घे." विषय साधा होता. कच्च्या केळ्यात पिष्ट असतं, त्याच्या चकतीवर आयोडीन टाकलं की ती निळीकाळी पडते. केळं पिकताना पिष्टाची साखर होते, म्हणून पिकल्या चकतीवर आयोडीन तपकिरीच राहतं. पाचवीच्या मुलांनासुद्धा डोळ्यांनी दिसेल असा प्रयोग.

आदल्या दिवशी मी गाडीवरून पिवळीधमक केळी आणली आणि खोलीत करून पाहिलं. पिकलेली चकतीही काळी पडली. दुसरं केळं कापलं, तेही काळं. तिसरं, चौथं, तीच गत.  मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय, आयोडीन जास्त पडतंय, सुरी धुतलेली नाही, माझा हातच विज्ञानाला वर्ज्य आहे. अक्कांकडे जाऊन 'होत नाही' म्हणायचं, एवढंच करायचं होतं. त्यांचं घर दहा मिनिटांवर होतं. मी फाटकापर्यंत गेले आणि परत आले. इतका विश्वास टाकणाऱ्या बाईंचा चेहरा पडलेला पाहण्याची मला भीती वाटली, नापास होण्याहूनही जास्त.

मग मी काय केलं ते लिहिते. एका ड्रॉपरच्या बाटलीत आयोडीन भरलं. दुसऱ्या तशाच बाटलीत कोरा चहा भरला. रंग हुबेहूब.

जवळच्या शाळेतल्या पाचवीच्या वर्गावर पाठ झाला. कच्च्या चकतीवर आयोडीन टाकलं, ती काळी पडली. पिकल्या चकतीवर चहा टाकला, ती कशाला काळी पडतेय! मुलं 'ओऽऽ' म्हणाली. परीक्षक मान डोलावत होते. मागच्या बाकावर अक्का बसल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी उठली, टेबलापाशी आली आणि पहिल्या बाटलीकडे हात नेत म्हणाली, "मॅडम, यातलं त्या पिवळ्यावर टाकू?"

"हात लावू नको!" मी ओरडले.

तिनं चटका बसावा तसा हात मागे घेतला आणि जागेवर जाऊन बसली. तास संपेपर्यंत तिनं दोन्ही हात बाकाखाली धरले होते. अक्कांच्या विद्यार्थिनीनं अक्कांच्या डोळ्यांदेखत एका मुलीला हात बाकाखाली लपवायला लावले.

मला चांगले गुण मिळाले. 'काय फसलं?' या रकान्यात मी लिहिलं, 'काही नाही.' वही परत आली तेव्हा त्या दोन शब्दांभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं. बाकी शेरा नाही, काही नाही. मला तीनदा प्रयोग करायलाही लावलं नाही. अक्कांना कळलं होतं का, आणि मी स्वतःहून सांगेन म्हणून त्या वाट पाहत होत्या का, हे मला आजतागायत माहीत नाही. मी विचारलं नाही. भ्याले.

त्यानंतर नोकरी लागली, लग्न झालं, जामनेर तालुक्यातल्या शाळेत स्थिरावले. दिवाळीला अक्कांना फोन करायचा तर आधी पाणी प्यायचे. भीती एवढी जुनी झाली होती की तिच्यासकट संसार चालला होता. पण काही वर्षांपूर्वी जळगावला एका प्रशिक्षणात शेजारी बसलेली तरुण शिक्षिका माझं नाव ऐकून म्हणाली, "अगोबाई, केळ्यावाल्या मॅडम तुम्हीच का? निवृत्तीनंतर अक्का आमच्या विद्यालयात आठवड्यातून एकदा शिकवायला यायच्या, तेव्हा तुमचा पाठ सांगायच्या. आमची पिवळी चकती काळी पडायची हो! अक्का म्हणायच्या, तिचं झालं होतं, मग तुमचं का होत नाही ते शोधा. माझी मैत्रीण तर रडायची. म्हणायची, माझ्या हातालाच गुण नाही."

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. इतकी वर्षं मी समजत होते की मी एकटीच भीत बसले आहे. माझ्या चहाच्या थेंबानं मला न पाहिलेल्या मुलींना स्वतःच्या हातांची भीती घातली होती, आणि तीही अक्कांच्या तोंडून.

संपादकांचा फोन आला त्याच आठवड्यात मी वर्गात केळी घेऊन गेले. बाजारातलीच, पिवळीधमक. एकच बाटली नेली. मुलांच्या हातात दिली. पिवळी चकती काळी पडली आणि पोरं ओरडली, "मॅडम, चुकलं!"  मी विचारलं, "का चुकलं असेल?"

एक मुलगी, जिचे वडील केळीचे ट्रक भरायला जातात, चकती हातात घेऊन वास घेत म्हणाली, "मॅडम, हे केळं घाईनं पिकवेल आहे. वरून पिवळं, आतून कच्चंच. आमच्या घरचं आणू का?"

अरे देवा! केळीच्या बागेत वाढलेली मी. आमच्या घरात घड खोलीत टांगून पिकायचा, साल ठिपक्या-ठिपक्यांची होईपर्यंत आजोबा हात लावू द्यायचे नाहीत. गाडीवरचं केळं मी धुळ्यातल्या त्या पाठापर्यंत कधी खाल्लंच नव्हतं, म्हणून पिवळं म्हणजे पिकलेलं असं धरून चालले. माझा हात चुकला नव्हता, आयोडीन चुकलं नव्हतं. फसलेलं बाहेर काढून टेबलावर ठेवलं असतं तर अक्कांनी अर्ध्या तासात माझ्याकडूनच ते वदवून घेतलं असतं, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पाठ झाला असता.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं घरचं ठिपकेदार केळं आणलं. तिनंच कापलं, तिनंच थेंब टाकला. चकती काळी पडली नाही. सगळी मुलं टाळ्या वाजवत होती आणि मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसत होते.

गौरवग्रंथात असं लिहितात का, मला ठाऊक नाही. संपादकांना हे नको असेल तर त्यांनी खुशाल बाजूला ठेवावं, पण अक्कांना वाचून दाखवावं. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या सूनबाईच त्यांना सगळं वाचून दाखवतात, असं कळलं. म्हणजे हे मोठ्यानं वाचलं जाणार. 

अक्का, धुळ्याच्या समारंभाला मी येणार आहे. तुम्हांला उदंड आयुष्य मिळो, नजर पुन्हा पहिल्यासारखी होवो, तुमची भाकरी फुगत राहो आणि आम्हांला ती का फुगली ते सांगत राहता येवो, हे तर मनापासून मागतेच. पण माझा स्वार्थही आहे. मला रागवायला तुम्ही धडधाकट असायला हव्यात. एका भाषणात भागायचं नाही, वर्षानुवर्षं रागवावं लागेल. आमच्या शाळेतलं ठिपकेदार केळं, आयोडीनची एकच बाटली आणि ती जुनी प्रयोगवही घेऊन येते. 'काही नाही' खोडलं आहे आणि रकाना पूर्ण भरला आहे. तुम्ही बोलावाल तेव्हा मी समोर बसलेली असेन, खूप भ्यालेली असेन, आणि माझे दोन्ही हात टेबलावर असतील.