वहीत खोडलेला अर्थ

माझे वडील सरकारी कचेरीत शिपाई होते. कारकुनाच्या परीक्षेसाठी त्यांनी इंग्रजी शिकायला घेतलं. परीक्षा पास झाले, कारकून झाले, पुढे निवृत्तही झाले, पण इंग्रजी सुटलं नाही. सकाळी बुद्धवंदना आटोपली की फूटपाथवरून आणलेली एखादी जुनी कादंबरी उघडायचे. अडलेला शब्द वहीत उतरवायचा, डिक्शनरीत त्याचे चार अर्थ दिसले तर त्या वाक्यात कोणता बसतो ते पुन्हा पुन्हा वाचून ठरवायचं, असा त्यांचा क्रम. मलाही इंग्रजी त्यांनीच शिकवलं. त्या जोरावर मी हिंजवडीतल्या कंपनीत लागले, आणि मग शंका ते मला विचारू लागले. मी दमून येते म्हणून रोज एकच.

एका रविवारी टीममधले चौघं घरी जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर बाबा कादंबरी घेऊन आले. गोष्टीत एका बाईचा नवरा माडीवर आजारी होता. नोकर येऊन तिला सांगतो की डॉक्टर 'प्रेझेंटली' खाली येतील.

"इथे 'थोड्या वेळाने' असावं असं मला वाटतं," बाबा म्हणाले. "बरोबर आहे का?"

मी पुस्तकाकडे पाहिलंही नाही. "बाबा, प्रेझेंटली म्हणजे सध्या, आत्ता. आम्ही रोज मेलमध्ये लिहितो. तुमचं इंग्रजी फार जुनं झालंय."

चौघं हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले. बाबाही जरासे हसले, "असेल," म्हणाले आणि पुस्तक मिटून आत गेले.

त्यानंतर त्यांनी मला शब्द विचारला नाही. मला ते लक्षात यायलाही बरेच दिवस लागले.

काही महिन्यांनी आमच्या इंग्लंडच्या क्लायंटकडच्या एक वयस्कर बाई मीटिंगच्या आधी फोनवर म्हणाल्या की मी 'प्रेझेंटली' फोन करते. मी सगळ्यांना हातातलं काम सोडून बोलावलं. आम्ही फोनभोवती बसून राहिलो. फोन अर्ध्या तासाने आला. संध्याकाळी डिक्शनरी काढली. दोन्ही अर्थ दिले होते, आणि जुना, कादंबऱ्यांमधला अर्थ बाबांचा होता.

घरी जाऊन हे लगेच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसायचं, असं स्वतःला समजावत राहिले.

मग एकदा टेलिफोनचं बिल शोधताना त्यांची वही हाताला लागली. त्या शब्दापुढे 'थोड्या वेळाने' लिहिलेलं होतं. त्यावर पट्टी धरून सरळ रेघ मारली होती आणि शेजारी नीट अक्षरात 'सध्या' लिहिलं होतं.

वही घेऊन मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. तुमचंच बरोबर होतं, मी चुकले, म्हणाले.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "दोन पानं ती बाई जिन्यापाशी वाट बघत उभी आहे. मग डॉक्टर खाली येतात."

"मग हे पुन्हा बदललं का नाहीत?"

"बदलायला घेतलं होतं. मग वाटलं, मुलगी रोज इंग्रजीतच काम करते. आपल्यालाच काही समजलं नसेल."

मला रडू आलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला, जाऊ दे म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.

त्यांचा माझ्यावर राग कधीच नव्हता. पण पुढे मी कितीदा तरी आपणहून विचारलं, काही अडलंय का म्हणून. दर वेळी ते मान न उचलता सांगायचे, "नाही, डिक्शनरी आहे ना."