धाकटा उंचवटा

गेल्या सोमवारी नात स्वयंपाकघरात आली ती लॅपटॉप ओट्यावर आपटतच. ती इथंच जबलपुरात पीएचडी करते. "आजी, सर म्हणून राहिले, ये छोटा वाला हटा दो, गंदगी है."

पडद्यावर आलेख होता. एक मोठा उंचवटा, त्याच्या उजवीकडे धाकटा. पाहताक्षणी माझं डोकं फिरलं. या धाकट्याला मी ओळखते. प्लॅटिनमच्या पत्र्यावर हायड्रोजनचे अणू चिकटतात, पण एका जागी बसत नाहीत. सपाटीवर भटकत राहतात. पत्र्यावर अणूएवढ्या पायऱ्या असतात, त्यांची कड सापडली की घट्ट धरतात. मग पत्रा हळूहळू तापवला, की सपाटीवरचे आधी सुटतात, कडेचे उशिरा. त्या उशिरा सुटणाऱ्यांचा हा उंचवटा. घाण कसली?

"काहून हटवायचा?" मी ओरडले. "पत्रा साफ करून पुन्हा पाहिलंस?"

"तीनदा. हर बार आता है. तुझ्या पीएचडीत आला होता का गं?"

आला होता. मीही पत्रा तीनदा साफ केला होता. आमचे सर म्हणाले, "घाण आहे, काढून टाक. माघात लग्न आहे ना तुझं?" आणि तेव्हाची मी, ही सुवर्णपदकवाली, दोन वेण्यांची शहाणी, ट्रेसिंग पेपरवर हातानं काढलेल्या आलेखातली त्या उंचवट्याची काळी शाई कोऱ्या ब्लेडनं इतकी सुबक खरवडून बसली, की सर म्हणाले, वा, काय हात आहे! वर मी पेढे नेऊन त्यांच्या पाया पडले. पुढे जन्मभर वर्गात पोरांना प्रामाणिकपणा शिकवला, तोंड वर करून. हे सगळं मी तिला सांगून टाकलं.

"वाह आजी! और मुझे डाँट रही हो?"

"हो, रागावणारच! लाजून गप्प बसू का?"

गुरुवारी तिच्या सरांचा फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला. "बेटा, हटा दो. नहीं तो पेपर अटकेगा, एक साल और लगेगा."

ती माझ्याकडे बघू लागली. मी मुद्दाम मान खाली घालून भेंडी चिरत राहिले.

"नहीं सर," ती म्हणाली. "वो रहेगा. नहीं तो मेरा नाम हटा दीजिए."

फोन कट झाला. पेपर अडकला. ती ओट्याला टेकून रडली, "साल गया, आजी."

"जाऊ दे," मी म्हणाले, आणि मग ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. त्यातल्या निम्म्या तिच्या सरांसाठी नव्हत्याच.