भोंग्याचे बोल्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसलात तर मला लागेल! मी जो घोळ घातलाय ना, तो अख्ख्या पनवेल तालुक्यात दुसऱ्या कुणाला जमायचा नाही. चहा सांगितलाय? सांगा, सांगा. माझा मात्र जरा गार करून द्यायला सांगा. का, ते कळेल पुढे.

माझी गाडी तुम्ही बघितली नसेल, पण ऐकली असणारच! जुनी सहाचाकी, खडी आणि विटा वाहून म्हातारी झालेली. तिच्या इंजिनाला मॅनिफोल्ड म्हणून एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा असतो. इंजिनातला धूर त्यातून सायलेन्सरकडे जातो. तो इंजिनाला बोल्टांनी आवळलेला असतो, आणि जुन्या गाडीत तापून, गार होऊन, थरथरून हे बोल्ट सैल पडतात. मग फटीतून धूर सुटतो. आणि काय गुपचूप सुटतो म्हणता? फट्‌-फट्‌-फट्‌-फट्‌! चढ लागला की वाटावं, कोणाच्या तरी वरातीत माळ लावलीय. गावात माझ्या गाडीला नावच पडलं, भोंगा. 'दत्तूशेटचा भोंगा आला' म्हणायचे, आणि पोरंटोरं रस्त्यातून बाजूला व्हायची.

आता आमची ही. सुमन. माहेर चिरनेर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आजही ही घरात नसली की मला चपला कुठे काढायच्या तेसुद्धा सुचत नाही. हसा! मी आधीच सांगितलंय हसून घ्या म्हणून.

तर झालं काय, नेऱ्याला आमच्या नात्यात हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा भारी, माहितीये ना? दोघं गाडीतूनच गेलो. तिथे बायकांच्या घोळक्यात कोणीतरी हिला विचारलं, "सुमनवैनी, नवीन दात बसवलेत म्हने? सुकट चावते का नाय?" दुसरी म्हणाली, "शिंकताना उडाले म्हने डालीत!" सगळ्या खो खो हसल्या. आता घरातली ही गोष्ट त्या बायकांपर्यंत कशी पोचली, देव जाणे. मी तर फक्त आमच्या ट्रकच्या स्टँडवर सांगितली होती.

येताना मी गाडीत आपला बोलतोय, नवरीकडची माणसं कशी, मटण कसं, डीजेवाला कसा. ही गप्प. मला वाटलं, आवाजात ऐकू येत नसेल. मग मी अजून मोठ्याने बोललो. तरी गप्प!

दुसऱ्या दिवशी हिच्या भावाचा फोन आला. त्याची बायको पाय घसरून पडली होती, घरात करायला कोणी नाही. ही लगेच पिशवी भरून तयार. मीच चिरनेरला सोडायला गेलो. उतरताना ही माझ्याकडे बोट करून म्हणाली,

"अवो, एक आयका. यो भोंगा बंद झाल्याबिगर मी काय परत येनार नाय."

माझ्याकडे बोट करून म्हणाली, असं मी आता सांगतोय हं. आमच्या जुन्या गाडीत इंजिन केबिनमध्येच असतं, ड्रायव्हरच्या बाजूला, पत्र्याच्या टोपाखाली. मला वाटलं, बोट टोपाकडे आहे. मी टोपावर थाप मारली आणि म्हणालो, "एवढंच ना? करतो बंद!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बगू."

आठवडा गेला. वैनीचा पाय बरा व्हायला लागला, पण हिचं यायचं नाव नाही. आणि घर! अहो, घर खायला उठतं म्हणतात ना, ते खरंच असतं. टीव्ही लावला तर तिची मालिका लागायची आणि मी ती बघत बसायचो, तिला फोनवर पुढे काय झालं ते सांगायला. ओट्यावर तिचा सुकटीचा डबा तसाच. झाकण उघडायचो, वास घ्यायचो आणि बंद करायचो. खायचा धीर होईना.

म्हटलं, आता भोंगा बंद करायचाच.

पाना घेतला आणि खेप टाकून आल्या आल्या, इंजिन तापलेलं असतानाच, बोल्ट आवळायला लागलो. जोर किती लावला विचारू नका. सगळी आठवण त्या पान्यावर काढली! आणि कटाक्‌! बोल्ट तुटला, अर्धा हातात, अर्धा आत.

गेलो रफिकभाईकडे. कळंबोलीच्या बाजूला शेड आहे त्याची. स्वभावाने मिरची, हात सोन्याचा. तो बघून ओरडलाच, "दत्तूशेट, गरम इंजिन पे पाना लगाया? अरे, ये बोल्ट है की दुश्मन है?"

"भाई, बायको परत आणायचीय."

"बीवी बोल्ट से बांध के लाओगे क्या?"

पण कामाला लागला. तुटलेला तुकडा काढला, सगळे बोल्ट नवीन टाकले, मधलं फट बुजवणारं गॅस्केट नवीन टाकलं. प्रत्येक बोल्टाला पातळ पत्र्याची पट्टी लावली आणि आवळल्यावर तिचा कान वाकवून नटावर बसवला, म्हणजे नट फिरायलाच नको. आवळताना मधून सुरुवात, मग एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, थोडा थोडा. आणि मग गाडीखाली शिरून म्हणाला, "ये देखो, असली बीमारी! पाइप का ब्रॅकेट टूटा है. पूरा वजन बोल्ट पे लटक रहा है. कितना भी कसो, ढीला होगाच."

खालचा आधारच गेला होता हो! मी गाडीखाली उताणा पडून त्या तुटक्या ब्रॅकेटकडे बघत होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रफिकभाईला सांगितलं, गंज पडला डोळ्यात.

रोज संध्याकाळी हिला फोन करायचो. ते फोन जरा ऐका हं, म्हणजे माझी अक्कल कळेल.

"अगो, भोंग्याचं काम चालू केलंय."

"खरंच? कसा काय?"

"नीट आवळलाय सगळीकडून. पट्टी मारलीय."

"पट्टी?" ती हसली. "बरं झालं. पन टिकंल का? गरम झाला का सुटतो तो."

मी गार! म्हटलं, बायकोला एवढं इंजिन कधीपासून कळायला लागलं? "बरोबर बोललीस! रफिकभाई पन तेच म्हनतो. सकाली गार असताना कसायचा."

"सकाली बराच असतो तो," ही म्हणाली. "स्टँडवर गेला, चाय पोटात गेली, का सैल."

आता बघा, तेव्हा तरी माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? इंजिन कुठे चहा पितं? पण मला वाटलं, ही डिझेलला चाय म्हणतेय. मी उलट खूश झालो. म्हटलं, किती गोड बोलते!

"बंद झाला ना, तर मी लगेच येन," ती हळूच म्हणाली. "माला पन हितं करमत नाय."

हे वाक्य मी उशाशी घेऊन झोपलो. खोटं नाही सांगत.

मग रोज सकाळी, गाडी गार असताना, पाना घेऊन एकेक बोल्ट तपासायचो. एकदोन वेळा पाव आटा फिरला, मग कोणी हलेचना. ब्रॅकेट पक्कं झालं होतं. चढावर घातली, भरून घातली, तापवली, गार केली. आवाज नाही! इंजिनाचा आपला मऊ घरघराट, बस. स्टँडवरचे म्हणाले, "दत्तूशेट, गाडी विकली काय?"

गाडी धुतली, झेंडूचे दोन हार आणले, एक गाडीला घातला, एक हिच्यासाठी ठेवला, आणि पळस्प्यावरून निघालो चिरनेरला. वाटेत कंटेनरची ही लाईन! पण मी कोणाला शिवी दिली नाही. मला सगळे आपलेच वाटत होते.

घरासमोर गाडी लावली. सुमन ओटीवर वाल सोलत बसलेली, पाठ माझ्याकडे. तिला पत्ताच नाही! मी मागे जाऊन म्हणालो, "चला घरी."

ती दचकली, वालाचं सूप अंगणात. "अवो, तुमी! आलात कशानी?"

"गाडीनी."

"आवाज नाय आला तो?"

"येईल कसा? भोंगा बंद केला! बोल्ट नवीन, पट्टी नवीन, ब्रॅकेट नवीन!"

ती माझ्याकडे बघते, गाडीकडे बघते, पुन्हा माझ्याकडे बघते. "बोल्ट?"

"हां. तू म्हनलीस ना, भोंगा बंद झाल्याबिगर येनार नाय."

आतून तिचा भाऊ बाहेर आला, मागून लंगडत वैनी आली. आणि ही कपाळावर हात मारून म्हणाली,

"अवो, गाडीचा नाय! तुमचा! तुमच्या तोंडाचा भोंगा! माझ्या दातांची गोष्ट अख्ख्या स्टँडला सांगितलीत, मी हलदीत तोंड दाखवू कसं?"

वैनी इतकी हसली की तिला पुन्हा खाली बसवावं लागलं. भाऊ तर वालाच्या शेंगांवरच बसला. आणि मी? हातात झेंडूचा हार घेऊन उभा.

पण खरं सांगू? ते काही नव्हतं. पुढे ती जे बोलली ना, ते लागलं. गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाली, "गाडीचा आवाज कशाला बंद केलात? रोज वलनावर आलात का कलायचं, मग मी भाकरी टाकायची. हितं पन संध्याकाली कान लावून बसायची मी. वाटायचं, आज येतील."

म्हणजे बघा! जो भोंगा ऐकायला माझी बायको कासावीस झाली होती, तो मी रोज सकाळी उठून पान्याने आवळत होतो. आणि ज्याच्यापायी ती गेली, तो रोज चहाबरोबर मोकळा.

आली मात्र. मला शपथ घातली, घरातली गोष्ट स्टँडवर नाही म्हणजे नाही. येताना मी ओठ मिटून गाडी चालवत होतो. पळस्पे आलं तशी तीच म्हणाली, "बोला ना कायतरी. गाडी पन गप, तुमी पन गप, माला भ्या वाटतं." मग मी असा बोललो, असा बोललो, की घर कधी आलं कळलं नाही. तिने भाकरी टाकली. सुकटीचा डबा उघडला. नवीन दातांनी कुरकुरीत सुकट चावून दाखवली मला, आणि लाजली. काय दिसत होती सांगू!

तर गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण नवीन बोल्टांवर थोड्या खेपा झाल्या की एकदा तपासून घ्यावं लागतं. गेलो रफिकभाईकडे. तो म्हणाला, "बोलो दत्तूशेट, भाभी आयी? खुश?" आणि चहा मागवला. गरम, आल्याचा. आता सांगा, ज्या माणसाने माझा संसार जोडायला गाडीखाली पाठ घासली, त्याला काय तोंडावर खोटं सांगू? सांगितलं. भोंगा, दात, वाल, सुकट, सगळं. मला काय माहीत, त्याची बीवी मासळीबाजारात मावरं आमच्या हिच्याबरोबरच घ्यायला जाते!

परवा बाजारात तिने हिला विचारलं, "भाभी, सुकट कैसी लगती है नये दांत से?"

सुमन चिरनेरला आहे.

गाडीचे बोल्ट बघाल तर जागचे हललेले नाहीत. मी संध्याकाळी वळणावर येतो, उगाच हॉर्न वाजवतो, आणि घरात दिवा नसतो. भाकरी नाही, ओरडणं नाही, काही नाही. फार आठवण येते हो. उद्या जाणार आहे आणायला. डोळ्यांत डोळे घालून सांगणार आहे, की तू गेल्यापासून मी एका माणसाशी एक शब्द बोललो नाही, भोंगा पक्का बंद. तेवढं तुम्ही सगळे सांभाळून घ्या, काय?

घ्या, चहा घ्या.

थांबा... तुमच्यात चिरनेरचं कोणी नाही ना?