डब्ब्यातला माझा आवाज

देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं रिसेप्शनवर बसले. गाड्यांचे गिअर बनवायचा कारखाना. फोन घ्यायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पास करायचे, आणि दिवसातून पाच-सहा वेळा माइकवरून अनाउन्समेंट करायची, हे माझं काम. शिफ्ट बदलली, आगीची तालीम आहे, राखीची सुट्टी सोमवारी नाही, मंगळवारी आहे. नव्या माणसाला माझ्या चेहऱ्याआधी माझा आवाज ओळखीचा व्हायचा. बाजारात भाजी घेताना मागून कुणीतरी म्हणायचं, "अरे, ये तो अपनी कंपनी वाली भाभी हैं!" वळून बघावं तर ओळख ना पाळख.

माझं माहेर धारचं. वडील शाळेत मास्तर होते. घरात आमची जुन्या वळणाची मराठी, दारात मालवी, शाळेत हिंदी. पण वडिलांचा नियम असा की जी भाषा बोलाल ती नीट बोला. रोज सकाळी मला हिंदी वर्तमानपत्राचं पहिलं पान मोठ्याने वाचायला लावायचे आणि 'श'चा 'स' झाला की बोट वर करायचे. लग्न होऊन मी देवासला आले. सासरे जळगावकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आलेले, म्हणून त्या घरात कारखान्याची नोकरी म्हणजे परक्याची गोष्ट नव्हती. माझी नोकरी मला आवडायची, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा राग कशाचा ते कळेल.

आमच्याकडे गस्तीचे रोबोट आले ते दोन. कमरेएवढे उंच, चार चाकांचे, पांढरे. वर फिरता कॅमेरा, कडेला निळा दिवा. कुणी न चालवता ते आपोआप भिंतीच्या कडेने, स्क्रॅपच्या आवारात, टाक्यांच्या मागे फिरायचे. कामगारांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना 'डब्बा' म्हणायला सुरुवात केली. "भिया, सरक, डब्बा आ रिया है."

सुरक्षा अधिकारी फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला चोख. ते मला म्हणाले, "मैडम, मशीन के साथ जो आवाज़ आई है उसे कोई सुनता नहीं. आपकी सुनते हैं. दो घंटे दे दीजिए."

मला आनंद झाला. खोटं का बोलू? मी त्या दिवशी चांगली साडी नेसून गेले, जणू आवाजाबरोबर साडीही रेकॉर्ड होणार होती. ट्रेनिंगच्या खोलीत रोबोटच्या कंपनीचा एक इंजिनियर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने मला चाळीसएक वाक्यं वाचायला दिली. "नमस्ते, कृपया हेल्मेट पहन लीजिए." "पीली रेखा के भीतर चलिए." "फर्श गीला है, सँभलकर." मग म्हणाला, आता काहीही वाचा, मशीनला तुमच्या आवाजाची सवय व्हायला हवी. मी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि पाऊण तास वाचत राहिले. शेवटी त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली. कागद वाचला नाही. वर्तमानपत्र मात्र अक्षर न् अक्षर वाचलं.

पहिले काही दिवस मजेचे गेले. मी गेटातून आत शिरायची आणि लांबून माझाच आवाज यायचा, नमस्ते. कॅन्टीनवाला हसून म्हणायचा, "भाभी, आप यहाँ भी, वहाँ भी." घरी मी दोनदा नक्कल करून दाखवली.

आमच्याकडे ठेकेदाराने लावलेल्या बायका साफसफाईला असत. त्यांतली एक माझ्याच वयाची, धार जिल्ह्यातल्या गंधवानीच्या पुढच्या एका गावातली भिलाणी. नवरा-बायको कामासाठी देवासला खोली घेऊन राहत होते. आत मोबाइल न्यायची मनाई, म्हणून तिच्या गावाकडचे फोन रिसेप्शनवर यायचे. मुलीचं बाळंतपण झालं, बैल विकला, सासू पडली, सगळं आधी मला कळायचं आणि मग मी माइकवरून तिला बोलवायची. ती धावत यायची, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची, आणि बोलणं झालं की घटकाभर उभ्याउभ्या मला सगळं पुन्हा सांगायची. मी तिला 'बहन' म्हणायची, ती मला 'बाई'.

एक दिवस ती माझ्यासमोरून खाली मान घालून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी काउंटरमागून उठून तिला अडवलं. "काय झालं? फोन आला होता का काही?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, आप कह देतीं तो हम वैसे ही उठ जाते. सबके सामने क्यों?"

"मी काय म्हटलं?"

"रोटी खा रहे थे. आपने तीन बार कहा, उठो."

मला काही उमगेना. त्या बायका दुपारी स्क्रॅपच्या आवारामागे कडुनिंबाखाली जेवायला बसत, हे ठाऊक होतं. कॅन्टीन ठेक्याच्या माणसांसाठी नव्हतंच, आणि त्या झाडाशिवाय तिकडे सावली नव्हती. दुपारी मी काउंटर शिपायाकडे सोपवला आणि तिकडे गेले.

पाच-सहा जणी डबे उघडून बसल्या होत्या. मला बघून जरा सावरून बसल्या. तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यावरून निळा दिवा वळला. डब्बा सरळ आमच्याकडे आला, दोन हातांवर थांबला, कॅमेरा खाली झुकला आणि माझ्या आवाजात, माझ्या त्या स्वच्छ 'श'सकट म्हणाला, "आप प्रतिबंधित क्षेत्र में बैठी हैं. तुरंत उठिए. आपकी तस्वीर ली जा चुकी है. शिकायत दर्ज होगी."

हे मी कधीच बोलले नव्हते. ह्यातलं एक वाक्यही त्या कागदावर नव्हतं. तोंडचा घास टाकून बायका उठल्या. एकीने तर मला हात जोडले. मी तिथे उभी, आणि ती माझ्या आवाजाच्या भीतीने मला हात जोडते आहे! माझ्या तोंडून मराठीत निघालं, "गप्प बस, मेल्या!" डब्बा माझ्याकडे वळला आणि माझ्याच आवाजात मला म्हणाला, "कृपया अपना पहचान पत्र दिखाइए."

संध्याकाळी मी इंदूरला मुलीला फोन केला. ती कॉम्प्युटरच्याच कामात आहे. म्हणाली, "आई, त्यांच्याकडे तुझा तासाभराचा आवाज आहे ना? मग ते टाइप करतात आणि मशीन तुझ्या आवाजात बोलते. काहीही. तू नसलीस तरी." ती हे इतक्या सहज म्हणाली की मला तिचाही राग आला.

दोन दिवसांनी कळलं की गंधवानीकडच्या त्या माझ्या बाईला ठेकेदाराने घरी बसवलं. 'उल्लंघन तीन वेळा' असा रिपोर्ट डब्ब्याने पाठवला होता, फोटोसकट. फोटोत ती भाकरी तोडत होती.

मी सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. म्हटलं, "हे शब्द माझे नाहीत. काढा."

ते शांतपणे म्हणाले, "मैडम, शब्द सिस्टम के हैं, आवाज़ आपकी. आपने साइन किया है."

"मग आवाज काढा. मूळचा मशीनचा लावा."

"वही तो बात है. उस आवाज़ पर कोई उठता नहीं था. आपकी पर उठ जाते हैं."

हे त्यांनी मला कौतुक म्हणून सांगितलं! बावीस वर्षं लोकांनी माझं ऐकलं, कारण मी त्यांना खरं सांगत आले. कुणाच्या घरून फोन आहे, कुणाची बस चुकणार आहे, कुठे फरशी ओली आहे. तो विश्वास ह्यांनी काढून घेतला आणि जेवणाऱ्या बायकांना हुसकायला लावला. पुढे काही बोलले असते तर रडले असते, आणि रडायचं मला नव्हतं.

मग मी प्लांटच्या मुख्य साहेबांकडे गेले. ते पुण्याचे. दाराबाहेर ठेक्याची दोन माणसं पंखा दुरुस्त करत होती. साहेब आवाज खाली आणून मराठीत म्हणाले, "ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. ही माणसं कुठेही बसतात, उद्या काही झालं तर जबाबदारी आपल्यावर. तुम्ही आपल्या म्हणून सांगतो, विषय वाढवू नका."

एरवी ह्या गावात कुणी मराठीत बोललं की मला बरं वाटतं. त्या दिवशी ती भाषा बाहेरच्यांना कळू नये म्हणून वापरली जात होती. मी मुद्दाम मोठ्याने हिंदीत उत्तर दिलं, "साहब, वो औरतें खाना खा रही थीं. चोरी नहीं कर रही थीं." बाहेरची पंख्याची ठोकठोक थांबली. साहेबांनी समोरची फाइल उघडली, म्हणजे मी जावं.

मी लेखी अर्ज दिला. आठ दिवस काही नाही. डब्बा रोज माझ्या तोंडाने लोकांना उठवत राहिला. लोक मला टाळू लागले. कॅन्टीनवाल्याने हसणं सोडलं.

नवव्या दिवशी दुपारच्या शिफ्टच्या वेळी मी माइक चालू केला. काय बोलायचं ते लिहून नव्हतं आणलं. "ध्यान दीजिए. मैं रिसेप्शन से बोल रही हूँ, खुद बोल रही हूँ. डब्बा मेरी आवाज़ में जो कहता है, वह मैंने नहीं कहा. मैंने किसी को खाने पर से उठने को नहीं कहा, न कभी कहूँगी. जिन बहनों को उठना पड़ा, उनसे माफ़ी माँगती हूँ." एवढंच. मग नेहमीसारखं, सेकंड शिफ्टवाल्यांनी आत यावं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिफ्टचे लोक आत आले, पहिले बाहेर गेले. पण जाताना बरेच जण काउंटरकडे मान वळवून गेले. लेथवर काम करणारा एक म्हातारा कामगार थांबून म्हणाला, "हमको लगा ही था भाभी, आप ऐसे नहीं बोलतीं." तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

तासाभरात कारणे दाखवा नोटीस आली: यंत्रणेचा गैरवापर. माझ्या आवाजाचा त्यांनी केला तो वापर, आणि त्यांच्या माइकचा मी केला तो गैरवापर! माझी बदली स्टोअरमध्ये झाली. माइक आता रिसेप्शनवर आलेल्या नव्या मुलीकडे आहे. महिन्याभराने डब्ब्याचा आवाज बदलला, एक ठोकळेबाज पुरुषी आवाज आला. माझ्यामुळे नव्हे, असं सांगण्यात आलं; कंपनीने सगळीकडेच बदलला म्हणे. मी विचारलं, माझं रेकॉर्डिंग पुसलं का? उत्तर मिळालं, "वो सेफ़ है." कोणासाठी सेफ, ते कुणी सांगितलं नाही.

ती बाई पुन्हा कामावर आली, दुसऱ्या शेडमध्ये. पहिल्याच दिवशी मी तिला गाठलं आणि सगळं समजावून सांगू लागले, मशीन कसं शब्द जोडतं वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, बाद में मालूम पड़ गया था, आप नहीं हो. आप तो रिसेप्शन पे दिखती थीं. पर उठना तो पड़ा न."

मी तिला माझी माफी पटवायला निघाले होते, आणि तिला बसायला जागा हवी होती. कडुनिंबाखाली बसायची मनाई तशीच आहे. आवाज बदलला, हुकूम नाही.

स्टोअरच्या मागे एक पडवी आहे, तीन पायऱ्या चढून. तिथे पूर्वी रिकामी खोकी पडलेली असत. मी ती आत हलवून घेतली आणि पडवी झाडून घेतली. आता तिथे दुपारी दहा-बारा जणी जेवतात, मीही त्यांच्यात बसते. डब्बा येतो, पायरीपाशी अडतो आणि खालूनच ओरडतो. कुणी मान वळवत नाही. ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी, आमच्या घरच्या पोळ्या, सगळ्यांत फिरतं.

गेल्या आठवड्यात मला सुरक्षा विभागाचा मेमो आला: स्टोअरच्या मागील भागात दररोज अनधिकृत जमाव का होतो, ह्याचा लेखी खुलासा करावा. सोबत फोटो, त्यात आम्ही सगळ्या. खुलाशासाठी अर्धं पान कोरं सोडलं होतं. मी त्यात एकच शब्द लिहिला, 'जेवायला', आणि खाली सही केली.