एका अंगाला जड झालेलं विमान

सिम्युलेटरच्या परीक्षेत नापास होऊन मी गावी, कामठ्याला आले आणि घरी सांगितलं, सुट्टी आहे. आठ दिवसांनी फेरपरीक्षा होती. तीही जमली नसती तर वैमानिकाची नोकरी हातची गेली असती. घाबरले की मी बडबड करते. ती तेव्हा जोरात चालू होती.

बाबा उन्हाळी धानाला पाणी द्यायला निघाले, मीही मागे गेले. आमच्या दोन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, एकमेकींना लागून आहेत. डावी तुडुंब भरलेली, उजवी कोरडी पडत चाललेली. मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडून डावीचं पाणी उजवीत घ्यायचं होतं. मला आयतंच निमित्त मिळालं.

"विमानाचंही असंच असतं बाबा! दोन पंखांत तेलाच्या दोन टाक्या. डावं इंजिन बंद पडलं की डाव्या टाकीला कुणी हात लावत नाही. उजवं एकटं आपल्या टाकीतलं पीत सुटतं. विमान एका अंगाला जड होतं. मग मधला व्हॉल्व्ह उघडायचा, उजव्या टाकीचे पंप बंद करायचे, की उजवं इंजिन डावीतलं पितं. उतरायच्या आधी सगळं पूर्वीसारखं. झालं!"

"उजवी टाकी इंजिनानंच रिकामी केली, हे तुले कसं समजलं?"

"दुसरं कोण पिणार?"

बाबांनी मला उजव्या बांधीच्या पलीकडच्या धुऱ्यावर नेलं. खाली खेकड्याचं बीळ होतं आणि आमचं पाणी त्यातून निवांतपणे शेजाऱ्याच्या धानात चाललं होतं.

"मधचा धुरा आधी फोडलो असतो, त डावीचं पाणीबी येथूनच गेलं असतं. पहिले बीळ पाहा लागते. तुमच्यात नाई पाहात काय?"

पाहतात. गळती नाही याची खात्री झाल्याशिवाय त्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षकानं डावं इंजिन बंद करून मुद्दाम उजव्या इंजिनाच्या नळीत गळती लावली होती. मी घाईनं व्हॉल्व्ह उघडला आणि डाव्या टाकीतलं तेलही त्याच वाटेनं घालवलं. धावपट्टी समोर दिसत असताना उरलेलं इंजिन बंद पडलं. आणि वर तेव्हापासून मी त्या परीक्षकालाच शिव्या देत होते.

मला रडू कोसळलं. चिखलात उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

बाबा बीळ बुजवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "खऱ्या विमानात लोकं किती राह्यते?"

"दीडशेच्या वर."

"मंग बराबर नापास केलं तुले. एखाद्या दिवशी तुह्या विमानात मलेबी बसाचं हाय."