अस्के काका आणि तंजावरची सहल

अस्के काकांशी पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाला हे गृहस्थ आपली फिरकी घेतायत असंच वाटायचं. मस्कतच्या अझैबा भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही सामान टाकलं त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे एक उंच, कपाळाला गंध लावलेले राव नावाचे शेजारी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अस्के बेगी या. जेवण वाढलें आहे." मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. अस्के म्हणजे सगळे आणि बेगी म्हणजे लवकर, हा उलगडा झाला तेव्हा आमचा रसमभात संपत आला होता. काका तंजावरचे. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात कारकुनी करायला तिकडे गेले ते परत आलेच नाहीत. घरात मराठी टिकली, पण महाराष्ट्रातल्या मराठीत मधल्या काळात काय काय झालं याची खबर तिला कोणी दिली नव्हती.

दुसऱ्याच दिवसापासून आमची लेक सई त्यांना अस्के काका म्हणायला लागली आणि हळूहळू सगळी बिल्डिंगच म्हणायला लागली. काका एका सिमेंट कंपनीत खरेदी खात्यात होते. ऑफिसात तमिळ, हिंदी, इंग्रजी आणि कामापुरती अरबी. मराठी ते फक्त आमच्याशी बोलत. मंडळाच्या गणपतीत ऐतिहासिक नाटक असलं की कारभाऱ्याचं काम त्यांनाच मिळे, कारण त्यांना संवाद पाठ करावे लागत नसत. विसरले तर मनचं बोलत आणि ते लेखकाच्या संवादांपेक्षा जुनं वाटे.

ओमानमध्ये काय पाहायचं राहिलंय हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. निझवाचा किल्ला त्यांनी आमच्याबरोबर तळापासून बुरुजापर्यंत पाहिला, भिंती थोपटल्या, तोफेच्या तोंडात डोकावले आणि म्हणाले, "चांगला आहे. देऊळ नाहीं." जबल अख्दरच्या डोंगरावर डाळिंबाच्या बागा पाहून हेच म्हणाले. एका दरीतल्या निळ्याशार पाण्यात कमरेपर्यंत उभे राहूनही हेच म्हणाले. शेवटी जुन्या मस्कतमधल्या महादेवाच्या देवळात मी त्यांना मुद्दाम विचारलं. काकांनी नमस्कार केला, घंटा वाजवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "गोपुर नाहीं."

काकांच्या मते यावर उपाय एकच होता, आपण सगळ्यांनी तंजावर पाहायचं. सांबार हा मुळात मराठी मुदपाकखान्यातला पदार्थ आहे इथपासून ते सुरू करत आणि मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या मराठी शिलालेखापर्यंत येत. त्यांची बायको कुंभकोणमच्या तमिळ घरातली, आम्ही तिला मामी म्हणायचो. मामीला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती हिंदीच. सांबाराची गोष्ट ती डाव हातात धरून पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग आम्हाला सांगायची की या मराठी माणसाला अजून साधी कॉफी करता येत नाही.

एका डिसेंबरच्या सुट्टीत बेत खरोखर ठरला. आम्ही तिघं, काका-मामी आणि आमच्याच मजल्यावरचे कुलकर्णी पतिपत्नी. कुलकर्ण्यांना उटी हवी होती. थंडी, धुकं, तळ्यातल्या नावा. काकांनी शांतपणे विचारलं की हे सगळं तुम्ही दर वर्षी खरीफात, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, सलालाहला पाहून येता ना, मग पुन्हा तेच कशाला? कन्याकुमारीला समुद्र आहे म्हटल्यावर खिडकीचा पडदा सरकवून त्यांनी समुद्राची दिशा दाखवली. महाबलीपुरम वाटेत चेन्नईजवळच आहे, ते तरी करू, म्हटलं तर ते म्हणाले की तिथे सगळं जग जातं, तुम्ही नाही गेलात तर कोणाला कळणार नाही.

चेन्नईहून मिनीबस केली. "यल्ला, अस्के बेगी!" हा काकांचा अर्धा अरबी, अर्धा मराठी पुकारा ऐकून तमिळ ड्रायव्हर पहिले दोन दिवस गोंधळलेला होता. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच तसं ओरडायला लागला. काकांनी आम्हाला काय नाही दाखवलं? मोठ्या देवळाचं शिखर बघताना कुलकर्ण्यांची मान धरली. दारासुरमला दगडी रथाची चाकं पाहिली, गंगैकोंडचोळपुरमला तापलेल्या फरशीवरून अनवाणी पळालो, कुंभकोणमला पितळी पेल्यातली कॉफी उंचावरून ओतायला शिकताना माझी पँट भिजली. समुद्रकाठी मनोरा नावाचा एक चढत्या मजल्यांचा बुरूज आहे. तो एका मराठी राजाने बांधला, म्हणून काकांनी आम्हाला भर दुपारी तिथे उभं केलं. कुलकर्णी वहिनींनी दमून विचारलं की इथून उटी किती लांब. काका म्हणाले, "फार." देवळाच्या भिंतीवरचा तो मराठी शिलालेख मात्र ते ओळीवर बोट धरून वाचत राहिले. सोबत आम्हीही वाचत राहिलो. आपलीच लिपी पाचशे कोसांवर दगडात भेटते तेव्हा माणूस एकेक अक्षर लावून बघतो.

अक्कांचं घर काकांनी शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवलं होतं. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली, राजवाड्यामागच्या एका अरुंद गल्लीत एकटी राहणारी. पुढे ओटा, आत झोपाळा, स्वयंपाकघरात तांब्या-पितळेची भांडी. आम्ही पाय धुऊन आत बसलो. कुलकर्णी उत्साहाने सांगायला लागले की ट्रिप एकदम मस्त प्लॅन केली होती, खूप एन्जॉय केलं, फक्त टाइमिंग थोडं टाइट झालं. अक्का कानामागे हात धरून ऐकत होत्या. त्यांनी काकांच्या कानाशी तोंड नेलं, पण स्वतःला कमी ऐकू येत असल्याने कुजबूज सगळ्या घराला ऐकू गेली.

"हे मराठी बोलतील म्हणालास ना? केव्हां बोलणार?"

कुलकर्णी त्यानंतर जेवणापर्यंत झोपाळ्याच्या कड्या मोजत बसले. काकांची गतही वेगळी नव्हती. आमच्यात राहून त्यांना 'मस्त' म्हणायची सवय लागली होती. वांगीभात मस्त झालाय म्हणाले तशी अक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. "मस्त होतो तो हत्ती. भात कशाला होईल?" मग दिवसभर हेच चाललं. काका वाक्य बोलायचे, अक्का दुरुस्त करायच्या, काका पुन्हा नीट बोलायचे. साठीकडे झुकलेला माणूस चापट्या खात होता आणि इतका खूश मी त्याला मस्कतात कधी पाहिला नव्हता.

मागच्या दारी भांडी घासताना मामीने माझ्या बायकोला हिंदीत खरी गोष्ट सांगितली. गल्लीतली मराठी घरं एकेक करून चेन्नई-बंगलोरला गेली. शेजारची शेवटची मैत्रीण गेल्यावर अक्कांना मराठी बोलायला कोणी उरलं नाही. काकांचा फोन यायचा, पण फोनवर त्यांना धड ऐकू यायचं नाही. जेवणाआधी त्या कावळ्याला भात ठेवतात, त्याच्याशीच मराठीत गप्पा मारतात. "और कौवा तो तमिल है," मामी म्हणाली. बायकोला हसू आवरेना, आणि मग तिने बराच वेळ तेच पातेलं घासलं. देवळं, बुरूज, कॉफी, हे सगळं आम्हाला इथवर आणण्यासाठी होतं. आमच्या उटीवर काका इतके का तुटून पडत, ते तेव्हा कळलं.

सईचं मला सर्वांत आश्चर्य वाटलं. घरात आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा रिवाज होता. अक्कांना इंग्रजी नाही, हिंदी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून उठलो तर झोपाळ्यावर दोघी समोरासमोर बसून कवड्या खेळत होत्या आणि भांडत होत्या. "तुम्ही चीटिंग करते," सई म्हणाली. अक्कांनी आधी 'करता' म्हणायला लावलं, मग चीटिंग म्हणजे काय ते विचारलं आणि मग ती केल्याचं साफ नाकारलं. संध्याकाळपर्यंत पोरगी अखंड मराठी बोलत होती. अर्धं चुकीचं, अर्धं तीनशे वर्षांपूर्वीचं.

मस्कतला परतल्यावर दर शुक्रवारी काकांकडे व्हिडिओ कॉल सुरू झाला. अक्कांना आवाज पोहोचावा म्हणून सई ओरडून बोलायची, त्यामुळे शुक्रवारी सकाळी अख्ख्या बिल्डिंगला मराठी ऐकावं लागे. काका शेजारी बसून दोघींच्या चापट्या खात. अक्कांच्या शब्दांनी, सईच्या हातांनी.

सहलीनंतर वर्षभराने, पोंगलच्या आधी, अक्का झोपेतच गेल्या. काका तंजावरला जाऊन दिवसकार्य उरकून आले. आम्ही भेटायला वर गेलो. मामीने कॉफी दिली. कुलकर्णीही आले होते. काका तंजावरच्या घराचं सांगत होते. भांडी नातेवाइकांना दिली, झोपाळा तिथेच ठेवला. बोलता बोलता ते थांबले.

"आतां माझ्या चुका काढणारें कोणी राहिलें नाहीं," ते म्हणाले.

सई सोफ्याच्या टोकाला बसली होती. तिने आधी आमच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काका, मी काढेल," ती म्हणाली.

काकांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि तिच्या गुडघ्यावर हलकी चापट मारली.

"काढेल नाहीं," ते म्हणाले. "काढीन."